पंचांचा निर्णय अंतिम

मुंबईतील कोणत्याही कबड्डी स्पर्धेच्या पत्रकावर तळाशी एक ओळ हमखास छापलेली असते : ‘पंचांचा निर्णय अंतिम राहील.’ पारितोषिकांच्या रकमा, उद्घाटकांचे नाव, देणगीदारांची यादी हे सारे दरवर्षी बदलते. ही ओळ बदलत नाही. नायगाव, वडाळा, लालबाग, परळ, प्रभादेवी या पट्ट्यातील प्रेक्षकाला ती पाठ आहे. तिच्यावरून तो आयुष्यभर भांडलाही आहे. पंचाने बाद दिलेला चढाईपटू, निवड समितीने गाळलेला खेळाडू आणि संघटनेने डावललेला प्रशिक्षक, या तीन विषयांवर नायगावातील कट्ट्यांवर जितके बोलले गेले आहे, तितके विजयांवरही बोलले गेले नसेल.

नायगावला हा खेळ आपला वाटतो, त्याला कारणे आहेत. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात मुंबईत ज्या २०७ बीडीडी चाळी उभारल्या, त्यांपैकी ४२ एकट्या नायगावात होत्या. शेजारी स्प्रिंग मिल, पलीकडे पोलिसांची वसाहत. एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत वाढणाऱ्या मुलाला ना बॅट परवडत होती, ना पॅड. कबड्डीला लागत होती ती दोन चाळींमधली तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद जागा, ओढलेली फक्की आणि छातीतला दम. गिरणीतून आलेला बाप संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभा राही आणि त्याच मैदानात मुलगा चढाईला जाई. पुढे गिरण्या थंडावल्या; मैदाने मात्र गजबजलेली राहिली. म्हणूनच येथील प्रेक्षकाला खेळ समजावून सांगावा लागत नाही. बोनस घेताना मागचा पाय जमिनीवरून सुटला होता की नाही, हे तो वीस हातांवरून सांगतो.

अशा प्रेक्षकांपैकी धान्याचे दुकान चालवणारे एक शेठ येथील अनेकांना आठवतील. गल्लीतली मुले त्यांना ‘काका’ म्हणत. सूर्यास्तापूर्वी दुकानातच डबा उरकण्याची घरची रीत, त्यामुळे प्रकाशझोतातील सामने सुरू होईपर्यंत काका मोकळे झालेले असत. गल्ल्याच्या चाव्या मुलाकडे देऊन ते मैदान गाठत. सोबत एक जुनी रोजमेळाची वही असे. तिच्या पुढच्या पानांवर दुकानाचा हिशेब आणि मागून सुरू केलेल्या पानांवर कबड्डीचा : कोणाची चढाई यशस्वी, कोणाची पकड फसली, लोण केव्हा चढला. सामना संपल्यावर ते आपली बेरीज गुणलेखकाच्या बेरजेशी ताडून पाहत. तफावत निघाली की त्यांना झोप येत नसे. वादात आवाज चढवणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. ते फक्त विचारत, ‘हा गुण कोणत्या नियमाने गेला, तेवढे सांगा.’ बहुतेक वेळा उत्तर एकच मिळे, पत्रकाच्या तळाशी छापलेले.

पंचांच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. कबड्डीच्या सामन्यात एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक असतात. एका चढाईला मिळतात तीस सेकंद. त्या अर्ध्या मिनिटात दम तुटला की नाही, निदान रेषा ओलांडली की नाही, बोटाचे टोक लागले की नाही, मध्यरेषेवर हात पोचला की नाही, एवढे सारे एकाच वेळी पाहायचे. तेही सात बचावपटू एका माणसावर झेपावत असताना. प्रो कबड्डीत कॅमेरा आहे, संघाला दाद मागण्याची सोय आहे, पडद्यासमोर बसलेला पंच आहे. गल्लीतल्या स्पर्धेत यातले काहीच नाही. तेथील पंच दिवसभर नोकरी करून आलेला असतो, मानधन तुटपुंजे असते आणि घरी जाताना त्याला त्याच गल्लीतून जायचे असते. त्याच्याकडून चूक होणारच. नायगावचा प्रेक्षकही मनातून हे जाणतो आणि शिट्ट्या मारून झाल्यावर त्याला माफ करतो. रोकड मोजताना नोट चुकणाऱ्या रोखपालाला माफी असते. मात्र कोणत्या दिवशी कोणती वही प्रमाण धरायची, हेच ठरलेले नसेल, तर ती रोखपालाची चूक राहत नाही. तो पेढीच्या कारभाराचा दोष ठरतो.

हा फरक साऱ्या जगाने ७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाहिला. चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई क्रीडा स्पर्धेचा पुरुष कबड्डीचा अंतिम सामना होता, भारत विरुद्ध इराण. गुण २८–२८ आणि खेळ संपायला जेमतेम एक मिनिट. भारताचा पवन सेहरावत चढाईला गेला आणि बचावपटूला स्पर्श न करताच कडेच्या राखीव क्षेत्रात, खेळाडूंच्या भाषेत लॉबीत, शिरला. इराणचे बचावपटू त्याला धरायला त्याच्यामागे तेथेच धावले. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमानुसार स्पर्शाविना राखीव क्षेत्रात गेलेला चढाईपटू बाद, आणि त्याच्यामागे गेलेले बचावपटूही बाद. त्या हिशेबाने भारताला चार गुण आणि इराणला एक. प्रो कबड्डीत मात्र हा नियम बदललेला होता : चढाईपटू राखीव क्षेत्रात गेला की चढाई तेथेच संपते, तो एकटा बाद होतो, पुढचे काही मोजले जात नाही. मैदानावरील निम्मे खेळाडू दरवर्षी दुसऱ्या नियमाने खेळणारे आणि सामना मात्र पहिल्या नियमाचा. पंचांनी निर्णय दिला, बदलला, पुन्हा थांबवला. आधी एका संघाचे, मग दुसऱ्याचे खेळाडू मॅटवर बसून राहिले. जवळजवळ एक तास सामना अडकला. शेवटी चार आणि एक असे गुण कायम झाले, आणि भारताने ३३–२९ असे सुवर्णपदक जिंकले.

त्या दिवशी नायगावात फटाके वाजले, पेढेही वाटले गेले. पण जाणत्यांच्या मनात एक खडा राहिला. हेच चार गुण इराणला मिळाले असते, तर येथील कट्ट्यावर काय बोलले गेले असते? ‘पंच विकले गेले’ याखेरीज दुसरे वाक्य ऐकू आले नसते. निर्णय नियमाला धरून होता, असे आज म्हणता येते. पण तो नियम सामन्यापूर्वी दोन्ही संघांना आणि सर्व पंचांना सारखाच स्पष्ट होता, असे म्हणता येत नाही. इराणचा फजल अत्राचली यू मुंबाच्या संघातून खेळलेला. मुंबईकरांनी त्याच्या पकडींना उभे राहून टाळ्या दिल्या आहेत. त्याच्या संघाच्या वाट्याला आलेली चडफड मुंबईकराला परकी वाटू नये. आपल्या बाजूने पडलेला संशयास्पद गुण आणि विरुद्ध पडलेला गुण यांना एकच माप लावणे ही प्रेक्षकाची खरी परीक्षा आहे. दुकानदाराच्या भाषेत सांगायचे, तर घेताना आणि देताना तराजू एकच हवा.

पंचांचा प्रश्न एका सामन्यापुरता असतो. निवडीचा प्रश्न आयुष्याला पुरतो. जिल्हा स्पर्धेतून जिल्ह्याचा संघ निवडला जातो, राज्य स्पर्धेतून राज्याचा, आणि राष्ट्रीय स्पर्धेतून भारतीय शिबिराची दारे उघडतात. या पायऱ्यांवर केवळ पदके टांगलेली नाहीत. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. रेल्वे, पोलीस, महिंद्र, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया यांसारख्या संस्थांनी मैदानावरून मुले उचलून त्यांना नोकऱ्या दिल्या. देना बँकेचा संघही एके काळी मुंबईच्या स्पर्धांमध्ये मानाने खेळत असे. ती बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली. मैदानावरून कचेरीत गेलेल्या अशा नोकऱ्यांनी चाळीतल्या कितीतरी कुटुंबांचे दिवस पालटले. म्हणून बारा नावांच्या यादीत तेरावा राहिलेला मुलगा फक्त एक स्पर्धा गमावत नाही.

काकांच्या दुकानात सामान पोचवणारा असाच एक मुलगा होता. उजव्या कोपऱ्यावर खेळे. घोट्यात हात घालून चढाईपटूला जागच्या जागी बसवण्याची त्याची ढब पाहायला लोक थांबत. एका वर्षी निवड चाचणीत तो चांगला खेळला आणि संघाच्या यादीत त्याचे नाव आले नाही. यादी वाचून दाखवली गेली, टाळ्या झाल्या, माणसे पांगली. कारण कोणी विचारले नाही, कोणी सांगितलेही नाही. गल्लीत लगेच ठरले : वशिला. काकांनी मात्र त्या रात्री वही उघडली आणि निवडल्या गेलेल्या कोपरारक्षकाचे सामने पुन्हा वाचले. तोही कमी नव्हता. त्याच्या पकडी निर्णायक क्षणी आल्या होत्या आणि निवड समितीने त्याला पुढे ठेवले असेल, तर त्यात तथ्य असू शकत होते. वही बंद करताना काका मुलाला म्हणाले, ‘अन्याय झाला की नाही ते मला सांगता येत नाही. ज्यांना सांगता येते ते सांगत नाहीत.’

त्या मुलाने पुढच्या हंगामात खेळ सोडला. तो दुसऱ्यापेक्षा कमी पडला असे त्याला कोणी समजावले असते, तर कोठे कमी पडलो हे त्याला कळले असते. वर्षभर त्यावर घाम गाळता आला असता. समजावले गेले नाही, म्हणून त्याने स्वतःच उत्तर तयार केले : आपल्यासारख्यांचे काही होत नाही. पुढे तो टेम्पो चालवू लागला. कमाई चालू आहे, संसारही नीट आहे. मैदानाच्या रस्त्याने मात्र तो टेम्पो नेत नाही.

हे फक्त गल्लीत घडते असे समजणाऱ्याने २०१८ आठवावे. त्या वर्षी भारतीय कबड्डी संघाच्या निवडीविरुद्धची तक्रार दिल्ली उच्च न्यायालयात गेली. जकार्ताच्या आशियाई स्पर्धेला जाणारा संघ न्यायालयाने अडवला नाही. पण स्पर्धा संपल्यावर, १५ सप्टेंबर २०१८ रोजी, हा संघ आणि निवड न झालेले खेळाडू यांच्यात निवृत्त न्यायमूर्तींच्या देखरेखीखाली सामना घ्यावा, असा आदेश दिला. भारतीय क्रीडाक्षेत्रात असा आदेश विरळाच. ठरल्या दिवशी डावलले गेलेले खेळाडू दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये हजर झाले. आशियाई स्पर्धेत खेळलेला संघ आलाच नाही. ज्या उत्तरासाठी खेळाडू मैदानाऐवजी न्यायालयात गेले होते, ते उत्तर मैदानावरही मिळाले नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यायालयाने अखिल भारतीय हौशी कबड्डी महासंघाच्या आजीव अध्यक्षांची आणि अध्यक्षपदी आलेल्या त्यांच्या पत्नीची निवड रद्द करून कारभार प्रशासकाकडे सोपवला. तो निवडून आलेल्या कार्यकारिणीच्या हाती देण्यासाठी अखेर फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. मधली साडेसहा वर्षे एका खेळाडूच्या भरात असलेल्या कारकिर्दीएवढी लांब आहेत.

या प्रकरणात महाराष्ट्रावर अन्याय झाला, असे सरधोपट म्हणण्याचीही सोय नाही. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय स्पर्धेत सेनादलाला ३४–२९ असे हरवून अकरा वर्षांनी अजिंक्यपद आणणाऱ्या महाराष्ट्र संघाचा कर्णधार रिशांक देवाडिगा जकार्ताच्या संघात होता. गिरीश एर्नाकही होता. महिला संघात लोअर परळची सोनाली शिंगटे होती. आपली माणसे संघात असतानाही निवडीची रीत उघड असावी, असे म्हणता आले, तरच त्या मागणीला वजन येते.

जकार्तात जे घडले, ते तर नायगावच्या प्रेक्षकाला कोणत्या भावनेने पाहावे हेच कळले नाही. १९९० च्या बीजिंगपासून २०१४ पर्यंत सलग सात सुवर्णपदके जिंकणारा पुरुष संघ उपांत्य फेरीत इराणकडून १८–२७ असा हरला. दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्ट २०१८ रोजी, महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला २७–२४ असे नमवले. आणि त्या विजयी इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन.

कबड्डी शिकवण्यात हयात घालवलेल्या या बाईंना भारतीय संघाच्या प्रशिक्षकपदाची संधी मिळाली नव्हती. इराणने बोलावले, तेव्हा त्या साठीच्या घरात होत्या. परकी भाषा, परका पोशाख आणि शाकाहारी माणसाला जेवणाची अडचण, असे सारे असताना त्या गेल्या. फार्सी शिकल्या, मुलींना योग व प्राणायाम शिकवला, आणि दीड वर्षात एक असा संघ उभा केला, ज्याने त्यांच्याच देशाचे सुवर्णपदक काढून घेतले. तेव्हा एका बाजूला लोअर परळची मुलगी मान खाली घालून उभी होती आणि दुसऱ्या बाजूला नाशिकच्या बाई इराणी मुलींच्या गराड्यात होत्या. काही जण त्यांच्यावर रागावले. देशाविरुद्ध कशाला जायचे, असे म्हणाले. पण आपल्या दुकानातला जाणता मुनीम आपण ओळखला नाही आणि तो समोरच्या पेढीवर जाऊन बसला, तर दोष मुनिमाचा कसा? हिशेब विचारायचा, तो ज्याने त्याला थांबवले नाही त्याला.

येथेही कारण हेच मुख्य. प्रशिक्षक कोणत्या कसोटीवर निवडला, कोणाकोणाचा विचार झाला, कोणाला का बाजूला ठेवले, हे कागदावर असते, तर भारताला आपली चूक चार वर्षे आधी दिसली असती. कागदावर नसल्यामुळे ती दिसायला इराणचे सुवर्णपदक लागले.

कबड्डी आज श्रीमंत झाली आहे. २६ जुलै २०१४ रोजी वरळीच्या एनएससीआयच्या सभागृहात प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला, तेव्हापासून चाळीतल्या खेळाडूंवर लाखांच्या बोली लागू लागल्या. कबड्डीमहर्षी शंकरराव उर्फ बुवा साळवी यांनी ज्या काळात खेळाची घडी बसवण्यासाठी गावोगाव पायपीट केली, त्या काळात मैदानाशी पैसा असा जोडलेला नव्हता. त्यांच्या जन्मदिनी, १५ जुलैला, महाराष्ट्र कबड्डी दिन पाळतो. पैसा आला की हिशेब अधिक काटेकोर व्हायला हवा, हे व्यापारी घरांना सांगायला नको. ज्या पेढीची उलाढाल वाढते, तिची रोजकीर्द एका माणसाच्या भरवशावर ठेवत नाहीत. एकाने लिहायची, दुसऱ्याने तपासायची आणि दोघांनी सही करायची.

आणि येथे व्यापारी घरांचा थेट संबंध येतो. नायगाव-लालबागच्या स्पर्धांची पत्रके काढून पाहावीत. चषक, मॅट, गणवेश, खेळाडूंचा अल्पोपाहार, सर्वोत्तम चढाईचे बक्षीस, यामागे कापडाचे, धान्याचे, भांड्यांचे, औषधांचे दुकानदार उभे आहेत. देणगी देताना ते पावती घेतात, नाव नीट छापले गेले की नाही तेही पाहतात. आणखी तीन गोष्टी त्यांनी मागितल्या, तर कोणत्याही मंडळाला नाही म्हणता येणार नाही. सामना कोणत्या नियमावलीने खेळवला जाईल आणि कोणते नियम नव्याने बदलले आहेत, हे सामन्यापूर्वी दोन्ही कर्णधारांना वाचून दाखवावे. सामना संपल्यावर सह्या केलेली गुणपत्रिका तासाभरात मैदानावरील फलकावर लावावी. आणि निवड चाचणी असेल, तर बारा नावांबरोबर शेवटपर्यंत विचारात असलेल्या खेळाडूंची नावे व त्यांना का थांबवले याच्या दोन-दोन ओळी जाहीर कराव्यात. या तिन्हींना मिळून एका चषकाइतकाही खर्च येत नाही.

यानेही वाद थांबणार नाहीत. प्रेक्षक शिट्ट्या मारणारच, आणि बोनसचा पाय उचलला होता की नाही यावर नायगावात मध्यरात्रीपर्यंत खल चालणारच. तो या खेळाचा रस आहे. पत्रकावरची ती ओळही तशीच राहावी. पंचांचा निर्णय अंतिम असायलाच हवा, नाहीतर सामना संपायचा कसा? फक्त त्या ओळीखाली आणखी एक ओळ छापली जावी : ‘निर्णयाचे कारण गुणपत्रिकेवर पाहावयास मिळेल.’ काकांची वही आज त्यांच्या नातवाकडे आहे. तो अजून सामन्यांना जातो, आजोबांच्याच पद्धतीने बेरीज करतो, आणि ताडून पाहण्यासाठी फलकाकडे जातो, तेव्हा फलकावर अजून तरी फक्त पुढच्या सामन्याची वेळ लिहिलेली असते.